सव्वा मूठ गहू

एसटीत नारळासाठी वेगळी जागा मागणारी बाई मी एकच पाहिली, त्या माझ्या सासूबाई. आम्ही त्यांना आणायला नाशिकच्या स्टँडवर गेलो होतो. नामपूरची गाडी येऊन थांबली, दार उघडलं आणि माणसांच्या आधी कंडक्टरचा आवाज खाली उतरला.

"आजी, जागा पाहिजे होती तर तिकीट काढायचं."

"देवीले तिकीट? तुनी माय काढस का देवीनं तिकीट?"

मागून सासूबाई उतरल्या. नारळ पदरात, चेहरा लालबुंद आणि आवाज पार बसलेला. सटाण्यापासून भांडत आल्या होत्या.

तो नारळ म्हणजे आमची कानबाई. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती घरात बसते आणि सोमवारी सकाळी नदीवर जाते. नारळाला डोळे, नथ, डोक्यावर पदर. आमच्या घराण्यात ती नामपूरला थोरल्या दिरांच्या घरी बसायची. त्या वर्षी त्यांनी घर पाडून बांधायला काढलं होतं, भिंती उभ्या नव्हत्या, म्हणून देवी पहिल्यांदा आमच्याकडे आली. सातपूरला कारखान्याच्या मागे चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या. आणीबाणी उठून थोडी वर्षं झाली असतील.

मी काही देवभोळी बाई नाही. शाळा चौथीपर्यंत. पोथी ऐकायला बसले की मला झोप येते. पण कानबाई आवडते, कारण तिच्यात बसून राहायचं नसतं. भिंती पुसा, साड्या लावून मखर करा, पुरण शिजवा, लाल भोपळा चिरा, गाणी म्हणा, फुगड्या घाला. आठ दिवस आमच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती आणि मला त्याचीच मजा वाटत होती.

मुलं तर वेडी झाली होती. मुलगी नऊ वर्षांची, तिच्या पाठचे दोन मुलगे. त्यांना अहिराणी यायची नाही. आजीनं 'आहे'ला 'शे' म्हटलं की मुलगे लोळून हसायचे.

"हसा, हसा," सासूबाई म्हणायच्या. "तुमना बाप बी अशीच बोले. नोकरी लागनी आनि जीभले इस्तरी करी लिन्ही."

मुलगी मात्र हसायची नाही. ती आजीच्या मांडीला मांडी लावून डाळ निवडायची आणि ऐकायची. चार दिवसांत तिनं देवीची सगळी गाणी उचलली. पाचव्या दिवशी ती आजीशी अहिराणीत भांडायला लागली. सासूबाईंचा आवाज काही सुटेना. गरम पाणी झालं, हळद झाली, गायला गेलं की घशातून नुसती फुस्स हवा. तेव्हा ठरलं की गाणी मुलगी म्हणणार आणि आम्ही मागून ओढणार. चाळीतल्या बायकांना ती गाणी येत नव्हती. मी गायले असते तर देवी रविवारीच उठून गेली असती.

गाण्यांबरोबर गोष्टीही चालायच्या. मुलांना एकच गोष्ट रोज हवी असायची, सासूबाईंच्या सासूची. त्या साली पाऊस नव्हता. घरातली सगळी पुरुषमाणसं कामाच्या शोधात लांब गेली होती, त्यांचा निरोपही नव्हता. श्रावण आला. शेजारणी म्हणाल्या, घरात पुरुष नाही, कणगीत दाणा नाही, यंदा देवी राहू दे. म्हातारी कणगीत उतरली, कोपरे झाडले, मूठभर गहू निघाले. त्याचा एक रोट केला आणि देवीपुढे ठेवला.

"मग?" धाकटा दर वेळी विचारायचा.

"मंग काय? पुढला महिनाले सगळा जित्ता घर उना."

इतकीच गोष्ट. पण जित्ता म्हणजे जिवंत, हे कळल्यापासून मुलगे त्या शब्दाला टाळ्या वाजवायचे.

आता रोटाचं सांगायला हवं. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचे. ते वेगळे दळायचे, त्या पिठाचे जाड रोट करायचे. ते खायचे फक्त घरच्यांनी. शेजारी द्यायचे नाहीत, जनावराला घालायचे नाहीत आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. दळणाआधी चक्कीसुद्धा स्वच्छ हवी. आमच्या गावाकडे चक्कीवाल्यांना हे माहीत असतं. सातपूरच्या चक्कीवाल्याला काय माहीत?

शनिवारी सकाळी सासूबाई बसलेल्या आवाजात त्याला म्हणाल्या, "भाऊ, चक्की धुई टाक."

"आजी, ही चक्की आहे. ताट आहे का धुवायला?"

शेवटी मी मध्ये पडले. पुसून घेतो म्हणाला. "पण चारपर्यंतच थांबेन. चारनंतर बाजरी टाकणार. मग मला बोलायचं नाही."

दुपारी सासूबाई सूप घेऊन गहू मोजायला बसल्या. थोरल्या दिरांच्या नावाची मूठ, त्यांच्या मुलांच्या, माझ्या मालकांची, माझ्या थोरल्या मुलाची, धाकट्याची. मूठ भरायची, वर पाव मूठ, की नाव घ्यायचं. मुलगी समोर बसून प्रत्येक नावाला मान हलवत होती. धाकट्याचं नाव झालं आणि सासूबाईंनी सूप उचललं.

"आजी, माझी मूठ?"

"पोरीसनी मूठ नही ऱ्हास."

"का?"

"तू उद्या दुसराना घर जाशी. तठली मूठ तठे."

"तिथं माझी मूठ असेल?"

"तठे तुना नवरानी."

"मग माझी कुठंच नाही?"

सासूबाई सूप पाखडायला लागल्या. मुलगी उठली, धाकट्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हा अजून चड्डीत मुततो. त्याची मूठ आहे आणि माझी नाही. मग गाणीही त्यालाच म्हणू दे."

आणि बाहेर जाऊन पायरीवर बसली.

खोटं कशाला बोलू, मला आतून उकळ्या फुटत होत्या. माझ्या लग्नाला दहा वर्षं झाली होती. दर वर्षी मी त्या पिठाचे रोट भाजत आले, माझी मूठ कुठं आहे हे विचारायचं मला सुचलंही नव्हतं. मी पुरण ढवळत राहिले. कान बाहेर.

साडेतीनला मालक पहिली पाळी करून आले. पायरीवर मुलगी तोंड फुगवून, आत आई तोंड फुगवून. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आई, घाल ना तिची एक मूठ. कोण बघतंय?"

"देवी दखस," सासूबाई म्हणाल्या. मालक आंघोळीला गेले.

आता चार वाजायला आले होते. सासूबाईंना चक्कीवाला दिसत होता, बाजरी दिसत होती, उद्याची गाण्याविना बसलेली देवी दिसत होती. शेवटी त्याच उठून दारात गेल्या.

"गाणार नही का?"

"आजी, एक सांग. त्या पणजीच्या घरात तेव्हा पुरुष नव्हते ना?"

"नव्हता."

"मग तिनं मूठ घेतली ती कोणाच्या नावाची?"

माझी पळी थांबली. सासूबाईंनी ती गोष्ट आयुष्यभर सांगितली होती. हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता.

"ती घरनी सासू व्हती," त्या म्हणाल्या. "तुनासारखी टिचभर आंडेर नव्हती."

"म्हणजे बाईची मूठ चालते. मी टिचभर आहे तर माझी टिचभर घे."

सासूबाईंनी मुलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी पुरणाकडे. मग त्यांनी सूप आणून उंबऱ्यात आदळलं, शेजारी गव्हाची पाटी ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या.

"मी टाकाव नही. कोनी टाकी त माले कोठे दखास? मना डोया गयात."

मुलीनं मूठ भरली, वर पाव भरली, मोठ्यानं स्वतःचं नाव घेतलं आणि टाकली. भिंतीकडूनच आवाज आला.

"सव्वा सांगेल व्हती. तू त दीड टाकी."

मला राहवलं नाही. पुरणाचा हात पदराला पुसला, पाटीत घातला आणि माझीही टाकली. नावही घेतलं. स्वतःचं नाव मोठ्यानं घेतल्याला मला किती वर्षं झाली होती कोण जाणे.

सासूबाई गर्रकन वळल्या. "तुले कोनी सांगं व?"

"आत्याबाई, भाजणार मीच ना."

"आते तुम्ही दोन्हीसनी टाकी, मंग मी काय मरी गयी का?" असं म्हणून त्यांनी आपलीही मूठ भरली, आमच्या दोघींपेक्षा मोठी, आणि सुपात अशी टाकली की चार दाणे चुलीपर्यंत उडाले.

मग जी पळापळ झाली! मुलगी गव्हाची पिशवी घेऊन पुढे, मुलगे तिच्यामागे "जित्ता! जित्ता!" ओरडत, मी त्यांच्यामागे, पदराला पुरण तसंच. चक्कीवाल्यानं बाजरीचा डबा उचललेलाच होता.

"ठेव खाली!" मी ओरडले. त्यानं ठेवला.

रविवारी मुलीनं अशी गाणी म्हटली की चाळीतल्या बायका फुगड्या सोडून ऐकत बसल्या. सोमवारी सकाळी गोदावरीवर जातानाही तोंड मिटलं नाही तिनं. थोरले दीर नामपूरहून आले होते. रोटांची चवड पाहून म्हणाले, "आई, एवढा रोट कसा काय?"

"शहरना गहू फुगतस," सासूबाई म्हणाल्या.

पुढच्या वर्षी नामपूरचं घर उभं राहिलं आणि देवी परत तिथं बसली. मूठ घ्यायला थोरले दीर स्वतः बसले. माझी मुलगी खांबाला टेकून उभी. या वेळी काही विचारत नव्हती, नुसती आजीकडे बघत होती. गाव होतं, भाऊबंद होते. दिरांनी शेवटचं नाव घेतलं आणि सुपाला हात लावला.

"मांगे सरक," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी सूप ओढून माझ्या मुलीपुढे ठेवलं. मग दिरांच्या दोन्ही मुलींना हाक मारली. मग जाऊबाईंना, मला.

"आई, हाई काय नवीन?" दीर म्हणाले.

"नवीन नही. मनी सासूनी चाल शे."

दीर मागे सरकले. मुलीनं पुढे होऊन मूठ टाकली. वर्षभरात तिचा हात वाढला होता.

रोट मात्र संपता संपेनात. सकाळी दुधात, दुपारी आमटीत, संध्याकाळी नुसते. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी वाळका रोट चावता चावता मुलगी म्हणाली, "आजी, पुढच्या वर्षी मी मूठ जरा लहान घेते."

सासूबाईंनी तिच्या ताटात आणखी एक ठेवला.