दाराजवळची खाट

आमच्या घरात पहिला पदवीधर मी. अर्ज कसा लिहायचा हे मुखेडच्या शाळेतल्या मास्तरांनी शिकवलं आणि त्याच जोरावर लातूरच्या एका वृद्धाश्रमात मला कारकुनाचं काम मिळालं. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही, म्हणूनच हे लिहिताना लाज वाटते.

भूकंपाला काही वर्षं झाली होती. आश्रमात एक आजी होत्या. माळवदाचं घर कोसळलं तेव्हा त्यांचा नवरा आत राहिला, त्या दाराजवळ झोपल्या होत्या म्हणून वाचल्या. तेव्हापासून त्यांची खाट दाराला लागून असे आणि कडी लावलेली त्यांना चालत नसे.

शहरात क्लासेस वाढले, तशा बाहेरगावच्या मुलींना खोल्या पुरेनात. मालकांनी खालच्या खोल्या मुलींना द्यायच्या आणि म्हाताऱ्यांना वर न्यायचं ठरवलं. संमती घ्यायचं काम माझं. मी आजींच्या मुलाला फोन केला. आईला काय विचारायचं, न्या वर, असं तो म्हणाला. मी सुवाच्य अक्षरात ‘माझी हरकत नाही’ लिहिलं आणि शाईचं पॅड आजींपुढे धरलं. काय लिहिलंय, त्यांनी विचारलं. वर पंखा चांगला आहे, एवढंच मी सांगितलं. त्यांनी अंगठा दिला.

वर गेल्यावर त्या खाटेवर टेकेनातच. चादर घेऊन दिवसभर जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर बसत. स्वयंपाकाच्या मावशी मला म्हणाल्या, “एवढा शिकलास, पण तिला तोंड हाय ते दिसलं न्हाई व्हय?”

मी नवा कागद घेऊन पायरीवर बसलो. खाट कुठे हवी, विचारलं. “खाली, दाराजवळ,” त्या म्हणाल्या. मी लिहिलं. मग त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि हळूहळू पूर्ण नावाची सही केली. भूकंपानंतर राहायला मिळालेल्या पत्र्याच्या शेडमधल्या प्रौढांच्या वर्गात त्या शिकल्या होत्या.

“मग तेव्हा अंगठा का दिलात, आजी?”

“तू शाई पुढं केलीस, लेकरा.”

मालकांनी कागद वाचला. खाली मुली राहायला आल्यात, आता कसं जमणार, असं म्हणून तो परत दिला. मी तो खणात ठेवला. नोकरी नवी होती.

थंडीत पायरीवर बसून आजींना ताप भरला. मुलानं दवाखान्यात नेलं. त्या परत आल्या नाहीत.

फाईल बंद करताना सहीचा कागद मी अंगठ्याच्या कागदावर लावला.