रोज मारला जाणारा खबऱ्या

बूढापारा भागातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात एक काकू माझ्याआधी येऊन बसल्या होत्या. मांडीवर मिटलेला लॅपटॉप, आणि त्यावर खुशाल संत्र्याची सालं.

मी दुकानदाराला माझं मशीन दाखवत होतो. "हा कुठलातरी प्रोग्राम गुपचूप मागे चालतो आणि सगळं हळू करून टाकतो. मी रोज बंद करतो, हा रोज परत उठतो. कायमचा काढून टाका."

"हव भैया, हो जाएगा."

काकूंनी मान लांब करून सरळ माझ्या स्क्रीनमध्ये डोकावलं. "काहून मारता भाऊ त्याले? दुसरं काही बंद पडलं, की तो कंपनीले खबर देते. कोण बंद पडून राहिलं, ते पाहा ना पहिले!"

दुकानदाराने पाहिलं. जुन्या प्रिंटरचा प्रोग्राम सारखा कोसळत होता, आणि प्रत्येक वेळी ती खबर द्यायला हा खबऱ्या जागा होत होता. प्रिंटर तर मी कधीच भंगारात दिला होता! तो प्रोग्राम काढला, तसा खबऱ्याही गप्प झाला.

"तुम्हाला कसं कळलं, काकू?"

त्यांनी माझ्या हातावर संत्र्याची फोड ठेवली आणि खदखदून हसल्या. "मी रेल्वेत होती. गाडी अडकली, की वर फोन मलेच करा लागे. बिघडे इंजिन, अन् शिव्या मले!"

खबऱ्या अजून चालूच ठेवलाय मी. मधूनच उगवला, तर बंद करत नाही. त्यालाच विचारतो, "बोला काकू, आज कोण अडकलं?"