नीव्हचा तो आठवडा

हे मी आजवर कुणापुढे बोललेले नाही. आईपुढे नाही, नवऱ्यापुढे नाही. ज्यांना पैसे देऊन मनातलं सांगायचं असतं त्या समुपदेशक बाईंपुढेही नाही — त्यांना मी माझ्या गुडघ्याबद्दलच सांगत राहिले. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून तुम्हाला सांगते. बघू कितपत जमतं ते.

मी आइस हॉकी खेळायचे. करारावर, पगार घेऊन, स्वीडनमधल्या एका लहान गावच्या क्लबकडून. पुण्याची मुलगी आणि बर्फावर हॉकी — हसा खुशाल, आमच्या नातेवाइकांना ते अजून स्केटिंगचं काहीतरी वाटतं. मी अकरा वर्षांची असताना आम्ही डब्लिनला आलो. इथे खेळायला धड बर्फ नाही, म्हणून दर शनिवारी बाबा गाडीने बेलफास्टला न्यायचे. मागच्या सीटवर माझ्याशेजारी नीव्ह असायची, लिमरिकची. ती शुक्रवारीच डब्लिनच्या कडेला, सिटीवेस्टला आमच्याकडे राहायला यायची आणि सकाळी आईच्या पोह्यांवर केचप ओतायची. आई मान फिरवून घ्यायची. पुढे त्या क्लबने आम्हा दोघींनाही घेतलं, आणि आम्ही तिथे एकाच फ्लॅटमध्ये राहू लागलो. ती पास द्यायची, मी गोल करायचे. नाव माझं व्हायचं.

आता त्या चाचणीबद्दल. हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येकीला कॉम्प्युटरपुढे बसवतात. शब्द लक्षात ठेवा, आकृत्या ओळखा, झटपट बटण दाबा. जे गुण पडतील तो तुमचा नेहमीचा मेंदू. पुढे डोक्याला मार लागला की तीच चाचणी पुन्हा घेतात, आणि गुण घसरले तर बर्फावर उतरायचं नाही. परीक्षेकडे कसं बघायचं हे आमच्या घरात लहानपणीच शिकवलं होतं. स्कॉलरशिपच्या वेळी बाबा म्हणायचे, परीक्षा ज्ञानाची नसते, परीक्षकाची असते. मग मला सुचायला कितीसा वेळ लागणार? पहिल्याच वेळी मुद्दाम चुका करायच्या — म्हणजे नंतर घसरायला जागाच उरत नाही. भाजी चिरता चिरता मी हे नीव्हला सांगितलं. ती हसली, जरा घाबरली, आणि तिने तसंच केलं. शाळेत कधी शेजारणीच्या वहीत डोकावायचीही तिची हिंमत झाली नव्हती.

मनातल्या मनात मी इथवर पुष्कळदा आले आहे. आणि इथेच थांबले आहे. युक्ती शिकवली, चूक झाली, वय लहान होतं — एवढं म्हणून हात झटकता येतात, नाही का? पण एवढंच नव्हतं.

एका सामन्यात ती कडेच्या फळीवर डोक्याने आदळली. चाचणी घेतली, ती पास झाली. युक्ती चालली. त्या आठवड्यात तिने दूध फ्रिजऐवजी भांड्यांच्या कपाटात ठेवलं. एकच प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारला. सकाळी उठून ओकली, आणि काल खाल्लेलं काही बाधलं असेल म्हणाली. मी पाहत होते. सगळं पाहत होते.

पुढच्या सामन्याच्या दिवशी क्लबच्या फिजिओ बाई मला दाराशी भेटल्या. त्यांना कॉम्प्युटरवर पुरता भरवसा नसावा, कारण त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं — तू तिच्यासोबत राहतेस, घरी कशी असते ती?

मी म्हणाले, "शी इज ग्रँड." डब्लिनमध्ये 'ठीक आहे'ला असंच म्हणतात.

का म्हणाले? पुढच्या वर्षीचे करार त्याच दिवसांत ठरत होते, आणि नीव्ह बाहेर बसली तर मला पास कोण देणार होतं? हा विचार मी उत्तर देण्याआधी केला, नंतर नव्हे. लिहायचं होतं ते हे.

त्या सामन्यात, दुसऱ्यांदा, तिला मार असा लागलाच नाही. साधा धक्का, असे सामन्यात कितीतरी बसतात. ती खाली बसली आणि तिला उठताच येईना. मला करार मिळाला. मी आणखी दोन हंगाम खेळले. चांगली खेळले.

आता मी सिटीवेस्टला एका ऑफिसात काम करते आणि अधूनमधून रविवारी गाडी काढून लिमरिकला जाते. नीव्ह तिच्या आईकडे, तिच्या जुन्याच खोलीत असते. पडदे ओढलेले असतात, उजेड तिला सोसत नाही. तिची आई शेजारणीला माझी ओळख करून देते, "शी वॉज लाइक अ सिस्टर टू हर ओव्हर देअर." मी चहा पिते. पूर्वी अर्धा कप तसाच ठेवायचे, आता संपवते. बिस्किटही खाते.

मागे एकदा नीव्हने विचारलं, "दॅट वीक — वॉज आय सिक?" त्या आठवड्यातलं तिला काहीच आठवत नाही. आपलंच डोकं कच्चं निघालं असं ती धरून चालली आहे. मी म्हणाले, "यू वेअर ग्रँड." शब्दसुद्धा बदलला नाही.

हे मराठीत लिहिलं, कारण तिला मराठी येत नाही. एवढी काळजी मी अजूनही माझी घेते. खरं तर इंग्रजीत लिहिलं असतं तरी चाललं असतं. चार ओळींपुढे तिला आता वाचवत नाही.