उंबरठ्याचं वळण

वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं त्या सुमारास आमच्या अमरावतीच्या घरी कुत्र्याचं पिल्लू आलं. बाबा वकील. दर्यापूरच्या एका पक्षकाराने ते कापडी पिशवीत घालून मोटारीने आणलं होतं. डोळे नुकते उघडलेले, चालताना मागचे पाय फाकायचे. आईने लांबूनच पाहिलं आणि निकाल देऊन टाकला, "राहू द्या बाहेर. पण यानं उंबरठा ओलांडला तर मी अकोल्याले माहेरी चालली जाईन." आईचं सोवळं कडक. ती खरंच गेली असती.

बाबांनी ते मनावर घेतलं. कोर्टातून आले की दाराच्या आतल्या बाजूला पाट टाकून बसायचे, हातात वर्तमानपत्राची सुरळी. पिल्लाचा पंजा उंबरठ्यावर आला की सुरळी फाडकन फरशीवर आपटायची. पंजा मागे गेला की दुधात भिजवलेला भाकरीचा तुकडा. मी चौथीत होते, पण तोंड तेव्हाही चालायचंच. "बाबा, त्याले धड चालता येत नाही अन् तुमी काहून भेवाडून राहिले?"

"म्हणूनच तर," बाबा म्हणाले. "आत्ता जे बसेल ते जन्मभर बसेल."

बसलं! असं बसलं की विचारू नका. पुढे पाहुणे आले की बाबा दाराच्या आत पेढा ठेवायचे. कुत्रा बाहेर बसून लाळ गाळायचा, पण नाकसुद्धा पुढे करायचा नाही. पाहुणे "क्या बात है, वकीलसाहेब" म्हणायचे आणि बाबांना मूठभर मांस चढायचं. मला त्या खेळाची भारी चीड होती.

आईचं मात्र हळूहळू निराळंच सुरू झालं. दुपारी ती ओसरीवर गहू निवडायला बसली की हा तिच्या पायाशी. "मेल्या, काय पाहून राहिला? दुसरं काम नाही का तुले?" असं त्याच्याशी बोलत राहायची आणि पायाच्या अंगठ्याने त्याची पाठ खाजवायची. हात लावला तर आंघोळ आली. अंगठा कसा चालत होता, ते तिलाच ठाऊक. आमच्यापैकी कोणाशीही ती एवढं बोलत नसे.

मी मॅट्रिकला होते त्या हिवाळ्यात आईला न्यूमोनिया झाला. आजारी माणूस माजघरात, ही आमच्या घरची रीत, म्हणून तिची खाट माजघरात पडली. तो दाराबाहेर ओसरीवर बसून कण्हायचा. ती ऐकत पडून राहायची. एका सकाळी म्हणाली, "आणा हो त्याले आत. माझ्याजवळ बसू द्या. आता कायचं सोवळं अन् कायचं काय!"

बाबा दारात गेले. "ये रे. ये, ये." त्याने कान मागे टाकले, एक पंजा उचलून उंबरठ्यावर ठेवला, बाबांच्या हाताकडे पाहिलं आणि पंजा मागे घेतला. मग शेपटी हलवत बाबांकडे बघत बसला. त्याला भाकरीचा तुकडा हवा होता. शहाण्यासारखा वागला होता ना तो!

बाबांचा चेहरा मला बघवेना. त्यांनी त्याला उचलून आत आणलं, तर तो थरथर कापत त्यांच्या अंगावरच मुतला आणि धडपडून बाहेर पळाला. नंतर पेढा झाला, दूध झालं, हातापाया पडणं झालं. बाबा जमिनीवर बसून त्याला अक्षरशः विनवत होते. आई म्हणाली, "राहू द्या हो. त्याचा काय दोष?" पण तिचा हात खाटेवरून खाली लोंबत होता आणि तोंड दाराकडेच होतं. तशीच ती गेली.

रीतीप्रमाणे तिला बाहेर ओसरीवर आणून ठेवलं. बायका रडत होत्या. कुत्रा उठला, सरळ तिच्यापाशी गेला आणि तिच्या पायाच्या अंगठ्यावर हनुवटी टेकवून पडून राहिला. कोणीतरी "हाड" म्हणालं. बाबांनी हात आडवा केला. त्या दोघांकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळले.

"बाई," ते म्हणाले, "आपल्याला खाट बाहेर आणता आली असती."