उदमांजराच्या मागे, चिचगडच्या जंगलात

आमच्या टीममध्ये जेवणाचे डबे उघडले की कोणीतरी म्हणतंच, "त्या दिवशीचं आठवते काय?" आणि मग भाजी थंड होते. तीन वर्षांत असे किस्से इतके साचलेत की नवीन माणसाला वाटावं, हे लोक काम कधी करतात? आणि गंमत म्हणजे सगळे किस्से कोण किती घाबरलं याचेच.

काम तसं साधं आहे. चिचगडच्या बाजूच्या जंगलात उदमांजरं किती आहेत ते शोधायचं. मांजराएवढं, लांब शेपटीचं, लाजरं जनावर. दिवसा ढोलीत झोपतं, म्हणून ते कोणाला दिसत नाही. आम्ही झाडांना कॅमेरे बांधतो. समोरून काही गेलं की कॅमेरा आपोआप फोटो काढतो, आठवड्याने जाऊन कार्ड आणायचं. आम्ही चौघं. मी गोंदियाची, कॉम्प्युटरवाली. शीतल मॅडम वनरक्षक. रहांगडाले दादा गाडी चालवतात. आणि वाट दाखवायला मडावी काका, त्यांचं घर जंगलाला लागूनच.

उदमांजराला भ्यायचं काही कारण नाही. पण त्याच जंगलात बाकीचेही राहतात ना.

*

कॅमेरा बांधला की तपासावा लागतो. उदमांजर बुटकं, म्हणून कोणीतरी हातापायांवर समोरून रांगत जायचं. लाल दिवा लागला की कॅमेरा बरोबर. पहिल्याच आठवड्यात मी रांगायला लागले, तर मडावी काकांनी दंडाला धरून उभं केलं.

"वाकू नोको, पोरी. वाकल्या माणसाले वाघ माणूस नाही समजत."

माझं रांगणं तिथेच संपलं. रहांगडाले दादा हसले. "माह्यासारख्या ढेरीवाल्याले कोन उचलून नेते?" असं म्हणत ते नाल्याच्या ओल्या रेतीत उतरले आणि रांगायला लागले. लाल दिवा लागला. दादा मात्र थांबले. त्यांच्या तळहाताखाली पंजाचा ठसा होता, तळहाताहून मोठा. आणि त्यात बाजूने पाणी अजून झिरपत होतं. म्हणजे पाय नुकताच उचललेला.

 दादा तसेच उलटे रांगत निघाले. नाला, झुडपं, पायवाट, पार गाडीच्या दारापर्यंत. मॅडम मागून म्हणत होत्या, "दादा, उठा तरी."

नंतर विचारलं तर म्हणाले, "उठाचं असते हे ध्यानातच नाही आलं."

*

शीतल मॅडम सागवान चोरणाऱ्यांच्या ट्रॅक्टरसमोर एकट्या उभ्या राहिलेल्या बाई. त्यांना मी एकदाच रडताना पाहिलं.

अर्जुनाच्या झाडावर आग्या मोहोळ होतं आणि आम्हाला ते दिसलं नाही. काका ओरडले नाहीत, हळूच म्हणाले, "पडा." मॅडम, काका आणि मी आडवे झालो, अंगावर सोबतची ताडपत्री ओढली. वर पाऊस पडावा तशा माश्या आदळत होत्या. उन्हाने आत भट्टी झाली होती. तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला. साहेबांचा.

एकेका रिंगसरशी ताडपत्रीवरचा आवाज वाढायचा. मॅडमनी फोन पोटाखाली दाबला आणि दातात ओढणी धरली. डोळ्यांतून नुसती धार. साहेबांनी चार वेळा फोन केला. आम्ही तासभर तसेच पडून होतो. माझ्या कानाला दोन, काकांच्या मानेला सात काटे.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, "फोन का उचलला नाही?"

"सर, माश्या ऐकून राहिल्या होत्या," मॅडम म्हणाल्या.

*

मोहफुलांच्या दिवसांत गावातल्या सुमनबाई आमच्या कॅम्पवर आल्या. पाणी दिलं, घेतलं नाही.

"त्या झाडावरच्या फोटोच्या डब्ब्यात मी आली काय?"

आल्या होत्या. डोक्यावर टोपली, पहाटेच्या उजेडात.

"कोनाले दाखवता?"

मी सांगितलं, माणसांचे फोटो आम्ही काढूनच टाकतो. त्यांना पटेना. शेवटी मॅडमनी त्यांना लॅपटॉपसमोर बसवलं आणि म्हणाल्या, "हे बटण. तुमच्याच हाताने पुसा."  सुमनबाईंनी एकेक करत सात फोटो पुसले. आठव्यात त्या वाकून फुलं वेचत होत्या, आणि मागे दहा पावलांवर अस्वल उभं होतं. तोंड त्यांच्याकडे.

आमच्यापैकी कोणीच तो फोटो आधी पाहिला नव्हता. त्यांनी तर अस्वलही पाहिलं नव्हतं.  सुमनबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि बटण दाबलं.

"घरच्या माणसाले सांगू नोका," म्हणाल्या. "उद्या जाऊ नाही देनार."

*

एकदा मडावी काकांना गोंदियाच्या ऑफिसात नेलं. लिफ्टचं दार बंद झालं तसं त्यांनी माझं मनगट धरलं, ते वर जाईपर्यंत सोडलं नाही. बोटांचे वळ दोन दिवस होते. उतरताना ते जिन्याने उतरले. "जमीन सोडाची तं सांगून सोडाव," एवढंच म्हणाले.

*

आता हा गेल्या हिवाळ्यातला. सकाळची दहाची वेळ. मॅडम मीटिंगला, दादा दूर गाडीत. मी आणि काका बेहड्याच्या झाडांना समोरासमोर दोन कॅमेरे बांधत होतो. पहिला बांधून झाला, व्हिडिओवर ठेवला. दुसऱ्याचा पट्टा मी झाडाकडे तोंड करून आवळत होते.

"ढिला हाये. पुन्हा बांध," काका म्हणाले.

बांधला.

"नाही जमला. सोड आन् बांध. लक्ष पट्ट्यावर ठेव."

तीनदा बांधायला लावला. मला राग आला. तीन वर्षांत काकांनी पट्ट्यात कधी लक्ष घातलं नव्हतं. मग म्हणाले, "झालं. चाल." एरवी ते पुढे चालतात, त्या दिवशी माझ्या मागून चालले. पार गाडीपर्यंत.

आठवड्याने कार्ड लॅपटॉपला लावलं. पहिल्या कॅमेऱ्याने आमचाच व्हिडिओ काढला होता. मधोमध माझी पाठ, पट्ट्याशी झटापट. माझ्या उजव्या अंगाला काका, माझ्याकडे पाठ करून उभे. कुऱ्हाड पायाशी ठेवलेली. दोन्ही हात जोडलेले. ते फ्रेमच्या बाहेर, झुडपांतल्या कशाकडे तरी एकटक पाहत होते. मान न वळवता मोठ्याने म्हणायचे, "ढिला हाये," आणि मग हळू आवाजात पुन्हा समोर बोलायला लागायचे. गोंडीत. मला गोंडी येत नाही. पण त्यात माझं नाव दोनदा आलं. 

मी लॅपटॉप उचलून काकांच्या घरी गेले. अंगणात त्यांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी दोनदा पाहिला.

"काका, समोर कोण होतं?"

ते स्क्रीनवर वाकले, व्हिडिओतल्या स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"बटन तुटलं दिसते माह्या शर्टाचं," म्हणाले. "घरी कोनी सांगलं बी नाही."