रिंगणाच्या फळीवरचा नंबर

दोना देओलिंदा जाहिरात खालून वर वाचायच्या. आधी सगळ्यात खालची ओळ, मग घराची किंमत, मग खोल्या, आणि सगळ्यात शेवटी एजंटाचा हसरा चेहरा. कित्येकदा चेहऱ्यापर्यंत पोचायच्याच नाहीत. "दात सगळ्यांचेच पांढरे असतात," म्हणायच्या, "नंबर कुठाय ते दाखव."

गस्टीनमध्ये, जिथं आम्ही पोर्तुगीज लोक बाईंना दोना म्हणतो, चीजच्या कारखान्यासमोर त्यांचं घरं विकायचं ऑफिस होतं. मी, नेलिओ तोश्ते, त्यांच्या हाताखाली लागलो तेव्हा चाळिशीला टेकलो होतो. त्याआधीची अठरा वर्षं गाईंच्या धारा काढण्यात गेली. परीक्षा देऊन एजंटाचा परवाना काढला आणि वाटलं, सुटलो शेणातून. पहिल्याच दिवशी मी माझ्या कार्डांचा नमुना घेऊन गेलो. मोठं नाव, मोठा फोटो. दोनांनी टेबलाच्या खणातून भिंग काढलं, कार्डाच्या तळाशी लावलं आणि कार्ड मला परत दिलं.

"नंबर बारीक आहे."

"आहे की, दोना. नीट बघा, दिसतोय."

"मला भिंगातून दिसतोय. गिऱ्हाइकानं भिंग घेऊन फिरायचं का?"

आमच्या कॅलिफोर्नियात नियमच तसा आहे. घर विकणाऱ्या प्रत्येकाच्या परवान्याला एक नंबर असतो. कार्ड असो, पत्रक असो, बाकड्यावरची पाटी असो, ज्या ज्या गोष्टीनं तुम्ही गिऱ्हाइकाला हाक मारता, त्यावर तो नंबर हवा आणि ज्या ब्रोकरच्या हाताखाली काम करता, म्हणजे माझ्या बाबतीत दोना, त्याचं नाव हवं. शिवाय नंबर त्या जाहिरातीतल्या सगळ्यात बारीक अक्षरापेक्षा बारीक नको. बाकीचे एजंट हा नियम एरंडेल प्यायल्यासारखा पाळतात, नाक दाबून. दोनांचं तसं नव्हतं. त्यांना तो नियम मनापासून आवडायचा, आणि मला त्याचं फार हसू यायचं.

त्यांचा स्वतःचा नंबर दोन शून्यांनी सुरू व्हायचा. आमच्या धंद्यात दोन शून्यं म्हणजे जुनं खोड. अडतीस वर्षांत त्या नंबरावर एक तक्रार नव्हती. राज्याची यादी आहे, तीत कुणीही कुणाचाही नंबर घालून बघू शकतं. दर नव्या वर्षाच्या पहिल्या कामाच्या दिवशी दोना ती यादी उघडायच्या, आपलं नाव बघायच्या, नावापुढे काही लिहिलेलं नाही याची खात्री करायच्या आणि मग कॉफी टाकायच्या. पूजाच म्हणा ना.

तर त्या नावाला डाग लागला तो माझ्यामुळे. कसा, ते सांगतो.

सप्टेंबरात आमची फेस्ता असते. पवित्र आत्म्याच्या नावानं मिरवणूक, मग हॉलमध्ये गावजेवण, पावावर ओतलेला बीफचा रस्सा, येईल त्याला फुकट. सोमवारी रिंगणात बैलांचा खेळ. रिंगणाला लाकडी फळ्यांचं कुंपण आहे आणि ज्यानं फेस्ताला दान दिलं त्याचं नाव फळीवर रंगवतात. दूधवाले, चारावाले, ट्रॅक्टरवाले, सगळ्यांची नावं. नुसती नावं. देवाला दिलेलं दान ते, त्यावर परवान्याचा नंबर आजवर कुणी घातला नव्हता, घालायचं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

त्या वर्षी मीही दान दिलं. रंगाऱ्याला सांगितलं, लिही: नेलिओ तोश्ते. घर घ्यायचंय? विकायचंय? आणि खाली फोन नंबर. परवान्याचा नंबर नाही, दोनांचं नाव नाही. जाहिरात करायच्या आधी ती दोनांना दाखवायची असा ऑफिसचा नियम होता. मी दाखवली नाही. त्यांनी अर्धी फळी आकड्यांनी भरली असती, मग माझं नाव कुठं दिसणार? आणि मनाला समजावलं की हे तर दान आहे, जाहिरात थोडीच आहे. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याच्याइतका हुशार वकील नाही.

सोमवारी पहिलाच बैल सुटला. शिंगांना चामडं बांधलेलं, पण अंगानं डोंगर. सगळं रिंगण सोडून तो तडक माझ्या फळीवर येऊन आदळला. फोटोवाल्यानं नेमका तोच क्षण टिपला. आमच्या साप्ताहिकात पहिल्या पानावर बैलाचं नाक, त्याच्या वर "विकायचंय?" आणि खाली माझा फोन नंबर. गावभर हशा. चाऱ्याच्या दुकानातला आर्लिंदो म्हणाला, "काय नेलिओ, बैलानं किती देऊ केले?" मी हरखून तीन अंक विकत घेतले.

कुणीतरी चौथा घेतला आणि फोटो कापून परवाने देणाऱ्या राज्याच्या खात्याला पाठवून दिला. कुणी, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

नोव्हेंबरात पत्र आलं, दोनांच्या नावानं. एजंटाच्या जाहिरातींवर लक्ष ठेवणं ब्रोकरचं काम, म्हणून. त्यांनी ते खालून वर वाचलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं.

"ही फळी मला दाखवली होतीस?"

"नाही, दोना. पण ते दान होतं..."

"दानावर फोन नंबर कशाला? देव तुला फोन करणार होता?"

माझी पाचावर धारण बसली. परवाना हातात येऊन दोन वर्षंही झाली नव्हती. तो गेला तर परत गोठा. तरी एवढं मी बोललो, "तुम्ही लिहा की नेलिओनं न विचारता केलं. खरंच आहे ते. तुमच्या नावाला कशाला धक्का?"

दुसरा कुणी ब्रोकर असता तर हेच लिहून हात झटकून मोकळा झाला असता, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. दोनांनी स्वतःच्या हातानं उत्तर लिहिलं आणि पाकीट बंद करण्याआधी मला वाचायला दिलं. ते मला पाठ आहे.

"माझ्या एजंटानं ही फळी मला दाखवली नाही. परंतु त्या दिवशी मी दुसऱ्या रांगेत, त्या फळीच्या बरोबर समोर, तीन तास बसले होते. फळी मला स्पष्ट दिसत होती. मी बैल बघत राहिले, नंबर बघितला नाही. बघणं हे माझं काम होतं. चूक माझी आहे."

चौकशीला आलेला अधिकारी भला माणूस होता. तो तोंडात शब्द घालत म्हणाला, "बाई, तुम्ही तर तेव्हा सुट्टीवर होतात ना?"

"मी सुट्टीवर होते," दोना म्हणाल्या. "फळी नव्हती."

मला नुसती समज मिळाली. दंड झाला तो दोनांना, आणि यादीत त्यांच्या नावापुढे तशी नोंद आली. जानेवारीत त्यांनी यादी उघडली. नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत राहिल्या. मग बंद केली आणि कॉफी न टाकताच कामाला लागल्या. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

आठवडाभरानं न राहवून मी विचारलं, "दोना, एवढा जीव का टाकता हो त्या नंबरावर?"

त्या म्हणाल्या, "माझ्या आईला आपली पोर्तुगीजसुद्धा वाचता यायची नाही. पण आपल्या तेर्सेरा बेटावरच्या बाजारात तराजूवरचा आकडा तिला कुणी खोटा सांगून बघावा! आम्ही इथं आलो, मी नि माझा नवरा, तेव्हा मिस्सानंतर चर्चच्या पायरीवर एक सूटवाला भेटला. गोड बोलला. छापील कागद दिला, गुळगुळीत, इंग्रजीतला. त्यानं आम्हाला जे घर विकलं ना, ते त्याचं नव्हतंच. विकायचा परवानाही नव्हता. सगळं गेलं." त्यांनी टेबलावरचं भिंग सरळ केलं. "त्या कागदावर आकडा असता, आणि आकडा असायला हवा हे मला ठाऊक असतं, तर मी कुणालाही जाऊन विचारलं असतं, बाबा, हा खरा का? अक्षरं त्यांची वेगळी, आपली वेगळी, नेलिओ. आकडे एकच आहेत."

दोन वर्षं मी ज्याला हसत होतो ते काय होतं, हे मला त्या दिवशी कळलं. गावात काल उतरलेल्या, एक शब्द न कळणाऱ्या बाईच्याही हातात राहील अशी एक गोष्ट कुणीतरी त्या जाहिरातीच्या तळाशी ठेवली होती, आणि मी ती पुसायला निघालो होतो.

पुढच्या सप्टेंबरात तीच फळी दोनांनी स्वतः दान देऊन घेतली. रंगाऱ्याला हात लावू दिला नाही. बहात्तराव्या वर्षी लाकडी स्टुलावर बसून, आकड्यांचा साचा धरून, माझं नाव, खाली माझा नंबर, खाली त्यांचं नाव आणि त्यांचा नंबर. सगळं एकाच मापाचं. मी रंगाचा डबा धरून उभा. कुंपणापलीकडून आर्लिंदो ओरडला, "दोना, बैल गेला नि झोपा केला!"

"झोपा तर झोपा," दोना मान न वळवता म्हणाल्या. "पुढचा बैल येणारच आहे."

फेस्ता होऊन आठवडा झाला असेल. ऑफिसात एक म्हातारी आली, पायापासून डोक्यापर्यंत काळ्या कपड्यात. झुल्मिरा तिचं नाव. समोरच्या कारखान्यात तिनं जन्म काढला होता, नवरा वारला होता, आणि आता घर विकून मुलीकडं राहायला जायचं होतं. मी हसून हात पुढं केला. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. पिशवीतून पावाच्या कागदाचा तुकडा काढला. त्यावर पेन्सिलीनं दोन लांबलचक आकडे उतरवलेले होते. फळीवरून.

"तुझा परवाना कुठंय, पोरा?"

मी भिंतीकडं बोट केलं. ती चौकटीसमोर जाऊन उभी राहिली आणि एकेका आकड्यावर बोट ठेवत, कागद बघत, भिंत बघत, जुळवत गेली. ओठ हलत होते. दोना आतून कॉफीचे कप घेऊन आल्या होत्या, त्याही दारातच थांबल्या. मिस्सात शुभवर्तमान वाचतात तेव्हा आम्ही जसे उभे राहतो तशा.

"हा तुझाच," झुल्मिरा म्हणाली. मग दुसरा आकडा शेजारच्या चौकटीशी तसाच जुळवला आणि वळून दोनांना म्हणाली, "हा तुमचा."

"माझा."

"भाचीनं फोनवर यादी बघितली माझ्यासाठी. पोराचं नाव कोरं आहे. तुमच्यापुढं काहीतरी लिहिलंय. काय केलंत तुम्ही?"

कपातली कॉफी बशीत सांडली. एवढ्या वर्षांत दोनांना असं विचारणारं कुणी भेटलं नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं, पण या वेळी मी आधी बोललो.

"बाई, ते माझं आहे. गेल्या वर्षी फळीवर मी नंबर घातला नाही, यांना दाखवलंही नाही. ते यांनी आपल्या अंगावर घेतलं."

"मला समोरून दिसत होती फळी," दोना म्हणाल्या. हट्टी बाई.

"तो बैलाचा फोटो? तो तू होय?" झुल्मिरा पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघत होती. "आणि नुसता नंबर नव्हता, एवढंच?"

"एवढंच."

"घर नाही बुडवलं कुणाचं? पैसे नाही खाल्ले?"

"नाही."

तिनं कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"इतकं बारीकसुद्धा लिहून ठेवतात?"

"ठेवतात," मी म्हणालो.

"मग यादी खरी आहे," झुल्मिरा म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली. "बोला आता. तीन खोल्या आहेत, मागं अंजिराचं झाड आहे."

मी वही उघडली. दोना सांडलेल्या कॉफीचे कप घेऊन आत गेल्या, आणि बराच वेळ आतून फक्त नळाचा आवाज येत होता. कप तर दोनच होते. बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते आणि हातात ताजी कॉफी होती, तिघांसाठी.