‘उतरण’चं आठवं गाणं

भूतखेत, अंगात येणं, स्वप्नात येऊन सांगणं... यातलं काहीही मी कधी मानलं नाही. आजही मानतो असं नाही. महाडला एसटी स्टँडजवळ माझं कॅसेटचं दुकान होतं. टेपवर आवाज कसा चढतो आणि कसा पुसला जातो, हे माझं रोजचं काम होतं. त्यामुळे पुढचं एका दुकानदाराने सांगितलेलं आहे असं समजून वाचा. आणि यात माझी एक चूक आहे, ती आजवर मी एकाच व्यक्तीपुढे कबूल केली आहे.

दिलीप माझा मित्र. वरंधच्या वर डोंगरात त्याची वाडी — सात-आठ घरं, म्हशी, नाचणीची शेतं. तो महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात शिफ्टला होता आणि खाली भाड्याच्या खोलीत राहायचा. मुंबईहून त्याने जुनी इलेक्ट्रिक गिटार आणली होती. रॉकचं त्याला वेड होतं. मी गणपतीतल्या नाचाला ढोलकी वाजवायचो, तर मला त्याने ड्रमवर बसवलं.

"सुहाश्या, पाय काय नुसते सायकल मारायला दिलेत? पायानं पण वाजव!"

शेजारची काकी ओरडायची, "कारखान्याचा भोंगा कमी पडतो का रे तुम्हाला?"

हा खिडकीतून — "काकी, भोंग्याला निदान तेल तरी घालतात! आमाला तू च्या पण नाय पाजलास!"

मग काकी खरंच चहा आणून द्यायची. असा होता तो.

१९९६ साली त्याने एक अल्बम लिहिला. ‘उतरण’. सुटी गाणी नव्हती, सगळी मिळून एकच गोष्ट होती. वाडीतला एक माणूस कामासाठी डोंगर उतरतो. प्रत्येक गाणं म्हणजे वाटेवरची एक जागा — पाणवठा, खिंड, ओझं टेकायचा दगड, घाटरस्ता — आणि सातव्या गाण्यात कारखान्याचं गेट. सात गाणी उतरायची. आठवं एकच गाणं, परत चढून घरी यायचं.

पुण्यात ओळखीच्या एकाने घरातच स्टुडिओ केला होता. दोन रविवारांत तिथे सात गाणी झाली. तिसऱ्या रविवारी आठवं करायचं होतं. पण गणपती तोंडावर आले होते. आमच्या दुकानाचा वर्षाचा धंदा त्या तीन आठवड्यांत व्हायचा. लोक यादी घेऊन यायचे — या आरत्या, हा नाच — आणि आम्ही कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायचो. मी जायला नकार दिला.

"गणपती झाले की करू ना."

"गणपतीला सगळे मुंबईवाले गावी येतात रे. तेव्हाच हातात पायजे."

"मग सातच गाण्यांची काढ. कोणाला कळणारे?"

 तो म्हणाला, "त्या माणसाला कळंल. तो खालीच रायला ना."

मी हसलो होतो.

शंभर कॅसेट आम्ही दुकानातच भरल्या. पिवळा छापील कागद, त्यावर पायवाटेचं चित्र. अकरा खपल्या. एक गिऱ्हाईक परत येऊन म्हणालं, "गाणी बरी हायत, पण नाचायचं कशावर?" दिलीप त्यावरही हसला. पुढे सहा महिन्यांनी तो वापीला दुसऱ्या कारखान्यात गेला.

आता माझी चूक.

पुढच्या गणपतीला कोऱ्या कॅसेट संपल्या. मुंबईहून माल यायला चार दिवस होते आणि दुकानात रांग लागलेली. माळ्यावर ‘उतरण’चं खोकं पडून होतं. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन बारीक पट्ट्या असतात. त्या मोडल्या की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. पण मोडलेल्या जागी चिकटपट्टी लावली की पुन्हा भरता येतं. हे आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं. मी चिकटपट्ट्या लावल्या... आणि एकूण एक कॅसेट आरत्या आणि नाचाच्या गाण्यांनी भरून विकायला काढली. पुण्याहून आलेली मूळ कॅसेटही त्याच खोक्यात होती. ती कधी हाताखालून गेली ते मला कळलंही नाही.

पुढच्या वर्षी दिलीपचा दुकानात फोन आला. "आयेला एक कॅसेट पोचव रे. वाडीत लाइट येनार म्हणतात. आली की ऐकंल."

मी "हो" म्हणालो. त्याला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. त्याच खोक्यातली, एका मंडळाने न नेलेली नाचाच्या गाण्यांची एक कॅसेट दुकानात उरली होती. तिला मी शिल्लक राहिलेला पिवळा कागद घातला आणि त्याच्या आईला नेऊन दिली. वाडीत ना वीज होती ना टेप. मनात म्हटलं, तोवर खरी कुठून तरी मिळवू.

वर्षभरात वापीहून निरोप आला. दिलीप तापाने गेला. चार दिवसांत सगळं संपलं. अंत्यविधीही तिकडेच झाले. आईला फक्त त्याचे कपडे आणि गिटार मिळाली.

त्यानंतर त्या अकरा कॅसेट शोधत मी किती फिरलो! घेणारे बहुतेक शिफ्टचे कामगार, कोण कुठे गेलं पत्ता नाही. पुण्याचा स्टुडिओ बंद झालेला. दिलीपचा आवाज जगात कुठेच शिल्लक नव्हता, आणि त्याला कारण मी होतो.

२००४ च्या उन्हाळ्यात त्याची बहीण कमल दुकानात आली. "सुहासदादा, आये बोलावते. वाडीत लाइट आली, मी टेप घेऊन दिला. रोज तुमची ती कॅसेट लावून बसते."

लावून ऐकली म्हणजे माझी चूक तिला कळलीच असणार. तरी गेलो. चढताना वाटेवरच्या प्रत्येक जागेवर थांबलो. काय सांगायचं, ते काही जुळेना.

दुपारची तीनची वेळ. पडवीत आये सूप घेऊन नाचणी पाखडत बसली होती. "ये रे बाबा. लई दिसांनी आलास. पानी पी आधी." मग तिने सूप बाजूला ठेवलं आणि टेपचं बटण दाबलं.

दिलीपचा आवाज आला.

मी आधी कॅसेट बाहेर काढून बघितली. तीच होती. मागच्या कडेला मी लावलेल्या चिकटपट्ट्या पिवळ्या पडून तशाच होत्या. पुन्हा लावली. पहिलं गाणं, दुसरं, तिसरं... आवाज स्वच्छ. खरं सांगतो, हा अल्बम मी त्या दिवशी पहिल्यांदा सलग ऐकला. करताना माझं लक्ष फक्त माझ्या ठोक्यांकडे होतं. त्याने केवढं मोठं काम केलं होतं, ते मला आठ वर्षांनी, त्याच्या आईच्या पडवीत कळलं.

सातवं गाणं संपलं. मी डोळे पुसून उठणार, तोच आये म्हणाली, "थांब. अजून एक हाय."

आणि आठवं सुरू झालं. चढणीचं. मी गेलो नाही म्हणून कधीच न झालेलं गाणं. फक्त गिटार आणि त्याचा आवाज. ड्रम नव्हते. प्रत्येक कडव्यानंतर चार ठोक्यांची जागा रिकामी.

"हितं तो थांबतो बघ," आये म्हणाली. "कुणाची तरी वाट बघतो."

मी तिच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. खोकं, चिकटपट्ट्या, पिवळा कागद, सगळं.

तिने सूप पुन्हा मांडीवर ओढलं. मग म्हणाली, "मला ठाव हाय रे. पयल्या दिशी लावली तवा नाचाचीच गानी वाजली. कमल लई चिडली. मीच म्हनलं, गप गो, तेच्या दोस्तानं एवढा डोंगर चढून आनून दिलीय. कागदावर नाव तर माज्या लेकाचंच हाय ना? मी रोज लावायची. दोन-तीन म्हैने नाच ऐकला. मग एक दिस ह्यो बोलाया लागला."

"आये, तू कोणाला बोलली नाहीस?"

"काय बोलू? तुला लाज वाटली असती."

त्या वाक्याने मला जे झालं, ते शिव्यांनी झालं नसतं.

आठवड्याने मी दुसरा टेप आणि वायर घेऊन वर गेलो आणि तिच्याच टेपवरून कॉपी केली. कॉपी होताना आठही गाणी आम्ही दोघांनी ऐकली. दुकानात येऊन लावली, तर त्यावर नाचाची गाणी. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा आये हसली. "ऱ्हाऊ दे. तेला आता खाली जायचं नसंल."

टेप दुरुस्त करणाऱ्या एका जुन्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, भरताना टेपमधलं जुनं पुसणारं हेड नीट टेकलं नाही तर जुनं अंधूक ऐकू येतं. मान्य. पण अंधूक नव्हतं. आणि आठव्या गाण्याचं काय? दिलीपने वापीत एकट्याने भरलं असेल म्हणावं, तर ही कॅसेट वाडीतून कधी खाली गेलीच नव्हती.

२००६ मध्ये आये गेली. तिला सरणावर ठेवल्यावर कमलने कॅसेट पुढे केली. "तिच्या उशाशी असायची. सोबत देऊ का, दादा?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. जगात ती एकच होती, आणि हे तिथे फक्त मला माहीत होतं.

मी म्हटलं, "दे."

पुढे कॅसेटचा धंदा संपला, दुकानही गेलं. जे घडलं त्याचं स्पष्टीकरण माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आजही नाही. आठव्या गाण्याची चाल मला पूर्ण आठवते. शब्द मात्र किती प्रयत्न केला तरी एकही आठवत नाही.